टोमॅटोची आठ फुलं

रुमेनाने टोमॅटोच्या पोटात चमचा घातला, आतल्या आत फिरवला आणि गर बाहेर ओढला. बिया, पाणी, पांढरट शिरा असं सगळं एकदम वाडग्यात पडलं आणि एक थेंब उडून तिच्या मनगटावर बसला. तिने तो एप्रनला पुसला. मग पुसलेली जागा पुन्हा पुसली.

"हळू गं, फाटेल तो," दोना म्हणाली. रुमेनाची ही सासू खिडकीपाशी स्टुलावर बसून अक्रोड फोडत होती आणि दर दोन अक्रोडांमागे एक सूचना देत होती. "चारही पाकळ्या सुट्या राहायला हव्यात. शेजारच्या पेन्काने केले होते तेव्हा एकही फाटला नव्हता."

"पेन्काला दुसरा उद्योग काय आहे?"

"आणि तुला आज कोणता आहे? व्याही यायचेत. घरातली पहिली मुलगी उजवतेय, जरा तोंड हसरं ठेव."

रुमेनाने तोंडाचं काही केलं नाही. तिने पुढचा टोमॅटो उचलला. लांबट, अंड्याच्या आकाराचे, कडक टोमॅटो सकाळीच वाफ्यातून तोडून आणले होते. टोकाकडून देठाकडे दोन आडवे-उभे छेद द्यायचे, पण देठापर्यंत सुरी न्यायची नाही. मग आतलं सगळं उपसून टोमॅटो पालथा घालायचा, पाणी निथळू द्यायचं आणि त्यात सारण भरायचं. खारं पांढरं चीज, उकडलेलं अंडं, लोणी, लसूण, शेपू आणि अक्रोड. देठाच्या जागी काडीने भोक पाडून त्यात कांद्याची पात खुपसली की झालं ट्यूलिपचं फूल. अशी फुलं लांबट ताटात जुडीसारखी निजवायची, मधून काकडीचे लांब काप पानं म्हणून खोवायचे आणि सगळ्या पातींवरून एक पात फितीसारखी बांधायची. पाहुणे येऊन 'वा' म्हणणार आणि दोन मिनिटांत सगळं चावून टाकणार. काकडी-टोमॅटो चिरून वर चीज किसलं असतं, रोज करतात तसं, तर राकियाबरोबर, त्या फळांच्या कडक दारूबरोबर, कुणाला वाईट लागलं नसतं. पण दोनाला मांडणी हवी होती.

"किती करतेयस?"

"दहा टोमॅटो आहेत."

"नऊ कर. सम आकड्याने फुलं थडग्यावर ठेवतात, व्याह्यांपुढे नाही."

"आई, टोमॅटो आहेत ते."

"फूल म्हणून मांडलंस की फूलच. नऊ कर आणि दहावा बाजूला ठेव."

रुमेनाने दहावा टोमॅटो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. वाडग्यातल्या गरावर एक माशी येऊन बसली होती. बुळबुळीत बियांमधून ती सावकाश चालत होती, आपल्या बापाचं अंगण असल्यासारखी. एरवी रुमेनाने हा गर सॉससाठी राखून ठेवला असता. आज तो तिला नजरेसमोरही नको होता. ती उठली आणि वाडगा कोंबड्यांच्या बादलीत उपडा केला.

खरं तर गेले बारा दिवस तिला अन्नच नकोसं झालं होतं. बारा दिवसांपूर्वी लेकीने, कालिनाने, फोनवर फोटो दाखवला होता. होणारा जावई यासेन, त्याची आई, त्याचे वडील, तिघं अंगणात शेगडीभोवती उभे. वडिलांनी एक सॉसेज हाताने उचलून कॅमेऱ्यापुढे धरलं होतं. माणसाचे केस गेले होते, पोट सुटलं होतं, पण ती आखूड, जाड, टोकाशी चपटी बोटं रुमेनाने तिथल्या तिथे ओळखली. यासेनच्या गेरोव आडनावाची माणसं या भागात ढिगाने आहेत, असं म्हणून तोवर तिने मनाची समजूत घातली होती. त्या फोटोनंतर समजूत घालण्यासारखं काही उरलं नाही.

एकोणीस वर्षांची असताना ती दोन उन्हाळे भाज्या खारवून बरण्यांत भरायच्या कारखान्यात होती, मिरच्यांच्या सरकत्या पट्ट्यावर. स्तामेन गेरोव तिथे पाळीचा मुकादम होता. बरणी उघडून चव बघत तो पट्ट्याच्या कडेने फिरायचा आणि कामगारांनाही चव बघायला लावायचा. पुरुषांना काट्यावर द्यायचा, बायकांना बोटांनी. 'तोंड उघड' म्हणायचा आणि खारवलेली मिरची थेट जिभेवर ठेवायचा. बोटं बाहेर यायला जरा वेळच लागायचा. नको म्हणणारी दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्यात बरण्या धुवायला जायची, आणि नको न म्हणणारीला केव्हातरी खारवणाच्या खोलीत पिंपं मोजायला बोलावणं यायचं. रुमेना दोनदा गेली होती. त्या खोलीतलं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा नवरा ल्युबेन जर्मनीत ट्रक चालवायचा आणि आता लग्नाला सुट्टी काढून येणार होता, त्यालाही नाही.

बारा दिवसांत तिने दोनदा कालिनाला सांगायला तोंड उघडलं. पण सांगायचं काय? खोलीतलं तिच्याच्याने बोलवत नव्हतं, आणि खोलीबाहेरचं बोलायला गेलं की त्याचं काहीच होत नव्हतं. त्याने मला मिरची भरवली. बरं, मग? ऐकणाऱ्याने हसून विचारलं असतं, तिखट होती का म्हणून.

कालिना टेबलक्लॉथ काखेत घेऊन स्वयंपाकघरात आली. चोवीस वर्षांची, आज केस वर बांधलेले, मानेवर घाम. आजीच्या हातातला अर्धा अक्रोड पळवून तिने तोंडात टाकला.

"आई, केवढं सुंदर दिसतंय गं. यासेनच्या बाबांना असलं काही फार आवडतं. स्वतः फुलकोबीची झाडं करून बरण्यांत घालतात ते."

"कालिना," रुमेना चीज कुस्करत म्हणाली, "तुम्ही शहरातच, प्लोवदिवलाच का नाही राहत? तिथे तुझी नोकरी आहे, यासेनची आहे."

"पुन्हा तेच? आई, एका खोलीत राहतो आम्ही. खिडकीसमोर भिंत आहे. यासेनच्या घरी अख्खा वरचा मजला रिकामा आहे. तीन खोल्या आणि गच्ची. मागच्या शेडमध्ये त्याच्या बाबांचं खारवणाचं काम चालतं, त्याचं ऑफिस मी बघायचं. फोन, ऑर्डरी. यासेन हळूहळू सगळं हातात घेईल. ते म्हणाले, सूनबाई नजरेसमोर हवी."

"असं म्हणाले?"

"प्रेमाने म्हणाले गं."

"घरात सासरा प्रेमाने बोलतो हेही हिला खुपतं," दोना अक्रोडाशी बोलल्यासारखी बोलली. "माझा सासरा सहा वर्षं माझ्याशी बोलला नव्हता. अशी नशिबाची मुलगी, आणि आईचं तोंड बघा."

कालिना हसली आणि टेबलक्लॉथ घेऊन अंगणात गेली. रुमेनाने चीज इतकं कुस्करलं की त्याचं पीठ झालं.

नऊ फुलं ताटात निजवून झाली, तोच फाटकाशी गाडी वाजली. पाहुणे अर्धा तास आधीच आले होते. दोना एप्रन सोडत, केसांवरून हात फिरवत बाहेर धावली. बाहेर गालांचे मुके, 'अगदी वेळेवर आलात', 'काय हे ऊन', असा सगळा गलका झाला. रुमेना काकडीचा शेवटचा काप खोवत होती. आता बाहेर जायला हवं, असं ती स्वतःला सांगत होती आणि पाय हलत नव्हते. बाहेर जावंच लागलं नाही. स्तामेन गेरोव स्वतःच आत आला.

त्याच्या काखेत पाच लिटरची बरणी होती. फुलकोबी, गाजरं, हिरवे टोमॅटो, सगळं काचेला दाबून बसलेलं.

"विहीणबाई, कुठे ठेवू ही? स्वतःच्या हातची आहे. बाजारातली नाही."

"ठेवा तिथे."

त्याने बरणी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघितलं. बघणं अगदी स्वच्छ होतं, पाहुण्याने यजमानणीकडे बघावं तसं. रुमेनाचे कान तापले. हा आता ओळखेल, आता चेहरा पडेल, असं तिला क्षणभर वाटलं, आणि आपण त्या क्षणाची वाटही बघत होतो, हे तिच्या लक्षात आलं.

"हात काय झरझर चालतात तुमचे," तो म्हणाला. "मला कामाचे हात कळतात. कारखान्यात होतात का कधी?"

"मिरच्यांच्या पट्ट्यावर होते."

"अरे, म्हणजे माझ्याच हाताखालच्या!" तो मनापासून खूश झाला. "कमालच झाली. पण मला लक्षात नाही हो. चारशे बायका होत्या. कुणाकुणाची तोंडं लक्षात ठेवणार? चांगले दिवस होते मात्र."

रुमेनाने सुरी उचलून उगाच काकडीचं टोक कापलं. तिने बारा दिवस जेवण टाळलं होतं, रात्री उठून अंगणात फेऱ्या मारल्या होत्या, आणि याच्या डोक्यात तिची साधी नोंदसुद्धा नव्हती. ओळखून तो घाबरला असता तर तिला त्याचा इतका तिटकारा आला नसता.

तो ताटावर वाकला. "ट्यूलिप का? वा." आणि कुणाला न विचारता त्याने कडेचं एक फूल पातीसकट उचललं. पात ओढून टाकली आणि अर्धं तोंडात घातलं. टोमॅटोचं पाणी हनुवटीवरून ओघळलं. मिशीच्या केसांत चीज अडकलं. तो डोळे मिटून चावत होता आणि चावण्याचा आवाज त्या लहानशा स्वयंपाकघरात भरून राहिला होता.

"मीठ बरोबर आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात कालिना पेले न्यायला आत आली.

"ये सूनबाई, ये. आईच्या हातची चव घे." उरलेलं अर्धं फूल त्याच्या बोटांत होतं. त्याचे दात लागलेली कड ओली चमकत होती. "हात भरलेले आहेत ना तुझे? थांब, मीच देतो. तोंड उघड."

कालिनाच्या दोन्ही हातांत पेले होते. तिने आईकडे बघितलं. फार वेळ नाही, पापणी लवावी इतकाच. रुमेनाच्या हातात सुरी होती आणि घशात 'थांब' हा एवढासा शब्द. तो वर आला आणि तिथेच अडकला. पाहुणा, व्याही, पहिली भेट, बाहेर सासू, असं बरंच काही त्या शब्दावर येऊन बसलं.

कालिनाने तोंड उघडलं.

त्याने फूल तिच्या जिभेवर ठेवलं. बोटं बाहेर यायला जरा वेळ लागला. मग अंगठ्याने त्याने तिच्या खालच्या ओठावरचं चीज पुसलं आणि अंगठा स्वतःच्या तोंडात घालून चोखला.

"कसं आहे?"

"छान आहे, काका," कालिना म्हणाली. ती हसली. पाहुण्यांपुढे हसतात तसं, वरच्या दातांनी. मग पेले घेऊन बाहेर गेली. स्तामेनही हात झटकत तिच्या मागोमाग गेला.

रुमेना ताटाकडे बघत उभी राहिली. जुडीच्या कडेला एक खळगा पडला होता आणि तिथे पांढरट पाणी साचलं होतं. दहावा टोमॅटो खिडकीत होता. वाटीत सारण उरलं होतं. दोन छेद, चमचा, एक पात, तीन मिनिटांचं काम. तिने टोमॅटोकडे हातही नेला. पण ज्या जागेवरून त्या बोटांनी फूल उचललं होतं, ती जागा भरायला तिचा हात पुढे होईना. त्याने खायचं आणि आपण भरून ठेवायचं. किती वर्षं?

दोना आत आली. "चल की. सगळे बसलेत, राकिया ओतून झाली आणि सॅलडचा पत्ता नाही." तिची नजर ताटावर गेली. बाकी काही दिसलं नाही तरी आकडा तिला लगेच दिसायचा. "अगं, आठ आहेत हे."

"आठच आहेत."

"वेड लागलंय का तुला? दहावा कुठाय? आण इकडे, मी भरते."

"राहू दे, आई."

रुमेनाने ताट उचललं आणि सासूच्या बाजूने ती बाहेर पडली.

द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल लावलं होतं. स्तामेन मधल्या खुर्चीवर बसला होता. त्याच्या एका बाजूला यासेन, उंच, शांत, बापाच्या बोलण्यावर मान हलवणारा मुलगा. दुसऱ्या बाजूला त्याची आई गेनोवेवा. बारीक अंगाची, जांभळा ब्लाउज गळ्यापर्यंत बंद केलेली, पर्स मांडीवर धरून बसलेली बाई. आल्यापासून ती चार वाक्यंही बोलली नसावी. रुमेनाने ताट टेबलाच्या मध्यभागी ठेवलं आणि ती कालिनाशेजारी बसली.

"चला, तब्येतीला," स्तामेन पेला उचलून म्हणाला. सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघत पेले भिडवले.

दोनाने घाईघाईने वाढायचा चमचा उचलला. एक फूल कुणाच्या तरी पानात पडलं की आकडा मोडला असता. "घ्या ना, घ्या विहीणबाई, सुरुवात करा."

"थांबा जरा," गेनोवेवा म्हणाली. "इतकं सुंदर मांडलंय, बघू तरी द्या."

ती बघत होती. तिचे ओठ किंचित हलत होते. या टेबलावर बसलेली कुठलीही बाई फुलांचा गुच्छ न मोजता हातात घेत नव्हती, आणि ओठ कशासाठी हलताहेत ते दोनाला कळत होतं. तिची मान लाल झाली.

"आठ आहेत," गेनोवेवा हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं.

"काय सांगू तुम्हाला, आमच्या हिचं लक्षच नसतं आजकाल," दोना म्हणाली. "मनात काही आणू नका."

"नऊ केली होती," रुमेना म्हणाली. तिचा आवाज तिला अपेक्षेपेक्षा साधा वाटला. "एक आत्ता स्वयंपाकघरात खाल्लं गेलं."

गेनोवेवाने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. मिशीत चीज तसंच होतं. त्याने हसून खांदे उडवले. मग तिने कालिनाकडे बघितलं. कालिना रुमालाने ओठ पुसत होती. ओठावर काहीच नव्हतं, तरी पुसत होती.

"तूही खाल्लंस का गं?"

"अर्धं," कालिना म्हणाली. "काकांनी भरवलं."

टेबलावर काही झालं नाही. यासेनने पाव तोडला. मांडवात एक गांधीलमाशी पिकल्या घडाभोवती फिरत होती. गेनोवेवाने हातातला काटा ताटलीच्या कडेला ठेवला, आवाज होणार नाही अशा बेताने. तिचा चेहरा बदलला नव्हता. फक्त ती बराच वेळ पापणी न हलवता त्या आठ फुलांकडे बघत राहिली. रुमेनाला कळलं की हिला आता कुणी काही सांगायची गरज नाही.

"फुलं मोजायला आलोत का आपण?" स्तामेन म्हणाला. त्याने स्वतःच्या हाताने एक फूल उचलून ताटलीत घेतलं. "हे बघा, सात झाली. बायकांची खुळं. आता कामाचं बोलू." त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. लाल दोरी बांधून आणला होता. "लग्न ऑक्टोबरात, द्राक्षं उतरवून झाली की. आणि ही वरच्या मजल्याची किल्ली. रंग देऊन झालाय. सूनबाई, ही आजपासून तुझी."

त्याने किल्ल्या टेबलावरून कालिनाकडे सरकवल्या. त्या तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत. मध्येच गेनोवेवाने हात ठेवला.

"ही माझी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"वरचा मजला मी घेतलाय." तिने किल्ल्या उचलल्या, पर्स उघडली, आत टाकल्या आणि चेन ओढली. "उद्यापासून मी वर राहणार. पलंग नेऊन देणारा माणूस सांगून ठेवीन सकाळी. मुलांनी प्लोवदिवलाच राहावं. भेटावंसं वाटलं की मी जात जाईन."

स्तामेन हसला. मग कुणी हसत नाही हे बघून आणखी मोठ्याने हसला. "हिला ऊन लागलं बहुतेक. गेनोवेवा, पाणी पी."

"ऊन नाही लागलं."

"लोकांसमोर तमाशा कसला मांडलायस?"

"तमाशा कुठे? घरचंच बोलतेय." ती शाळेत वर्गाला बोलावं तशा सपाट आवाजात बोलत होती. "आणि ऑफिससाठी माणूस हवा असेल तर पुरुष ठेव."

रुमेनाने पेला खाली ठेवला. दोनाचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिच्या डोक्यात सगळ्याचं मूळ तो आठचा आकडा होता, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं.

"आई, काय झालं?" यासेनने विचारलं.

"काही नाही रे. तू बोल, तुला चालेल ना प्लोवदिव?"

यासेनने बापाकडे बघितलं नाही. "चालेल," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की कालिनाने चमकून त्याच्याकडे बघितलं. "खोली बदलू आपण. खिडकीतून काही दिसेल अशी बघू."

यानंतरचं जेवण झालं तसं झालं. दोनाने कोकराचं मांस आणलं, भाजलेल्या मिरच्या आणल्या, हवेचं बोलली, कोंबड्यांचं बोलली. फुलांना कुणी हात लावला नाही. स्तामेनने मात्र लावला. आधी त्याने बायकोकडे रागाने बघितलं, मग दुर्लक्ष केलं, आणि मग तो भूक लागलेल्या माणसासारखा जेवायला लागला. एकामागून एक आणखी चार फुलं त्याने खाल्ली, पावाने ताटातलं पाणी टिपलं, बोटं चाटली. जेवणावरची त्याची वासना कशानेही ढळत नव्हती. रुमेना ते बघायचं नाही असं ठरवून बघत होती.

रिकाम्या ताटल्या गोळा करून ती आत गेली तेव्हा गेनोवेवा तिच्या मागोमाग आली. तिने फुलांचं ताट आणलं होतं. उरलेली तीन फुलं कलंडली होती. तिने ताट ओट्यावर ठेवलं आणि तिथेच उभी राहिली. पाच लिटरच्या बरणीकडे पाठ करून.

"तुम्ही कारखान्यात होतात," ती म्हणाली.

"हो."

"वाटलंच." तिने ताटातलं एक कलंडलेलं फूल सरळ केलं. "मला वाटलं होतं, कारखाना बंद पडला की संपेल."

रुमेनाने तिचे आभार मानायचं ठरवलं होतं. बाहेर टेबलाशी बसून तिने शब्दसुद्धा जुळवले होते. तो एक हात किल्ल्यांवर पडला नसता तर तिची मुलगी ऑक्टोबरात त्या घरात गेली असती. पण हे वाक्य ऐकलं आणि जुळवलेले शब्द आंबून गेले. म्हणजे हिला माहीत होतं. आपण उकळत्या पाण्यात बरण्या धुवायच्या की तोंड उघडायचं याचा विचार करत पट्ट्यावर उभ्या होतो, तेव्हा ही बाई घरी त्याचं ताट वाढत होती, आणि तिला माहीत होतं. तिच्या बंद गळ्याच्या ब्लाउजाची, पर्सची, त्या सपाट आवाजाची, सगळ्याचीच रुमेनाला शिसारी आली. तिने विचारायला तोंड उघडलं, की किती वर्षं, बाई? किती जणी?

त्याच वेळी कालिना दारातून आत आली.

तिने दोघींकडे बघितलं नाही. सरळ नळाशी गेली. दोघी दोन बाजूंना सरकल्या आणि तिला वाट करून दिली. कालिनाने पेला भरला, तोंडात पाणी घेतलं, खळखळून चूळ भरली आणि थुंकली. पुन्हा पेला भरला. पुन्हा थुंकली. वर बांधलेले केस सुटून गालावर आले होते. ते मागे धरायला रुमेनाने हात पुढे केला, तर कालिनाने मान बाजूला घेतली.

"मी तुझ्याकडे बघितलं होतं, आई," ती म्हणाली आणि तिसऱ्यांदा पेला नळाखाली धरला.